नोंद न झालेला कंटेनर

पोलिसांची एक छोटी गस्ती बोट बंदराच्या पाण्यातून संथ चालली आहे. बोटीवर दोघे जण. किनाऱ्याला पोलादाच्या कारखान्याच्या शेड, धुराडी, क्रेन यांची लांबच लांब ओळ. तिच्याकडे बघत त्यातला एक सांगतो की आपले वडील तिथे, जहाजबांधणीच्या यार्डात कामाला होते. दुसऱ्याचे काकाही तिथलेच, सुपरवायझर; 78 साली त्यांची नोकरी गेली. पहिला म्हणतो, माझ्या वडिलांची 73 साली. बोलणं तिथेच संपतं आणि बोट पुढे जाते.

'द वायर' या अमेरिकन मालिकेचा दुसरा सीझन असा सुरू होतो. 1 जून 2003 रोजी एचबीओवर दाखवलेल्या या भागाचं नाव 'एब टाइड'. पटकथा डेव्हिड सायमन यांची, कथा त्यांची आणि एड बर्न्स यांची, दिग्दर्शन एड बिआंकी यांचं. मी तो पुष्कळ उशिरा पाहिला. तोवर गुन्हेगारी मालिकांच्या नव्या सीझनचे पहिले भाग पाहून पाहून त्यांची एक रीत मनात पक्की बसली होती: पहिल्या पाच मिनिटांत प्रेत, दहाव्या मिनिटाला नायकाचा जुना घाव, शेवटी असा धक्का की प्रेक्षकाने उठूच नये. इथे सुरुवातीला प्रेत नव्हतं, धावपळ नव्हती. दोन नोकरदार माणसं आपल्या घरातल्या गेलेल्या नोकऱ्यांची सालं सांगत होती. तरीही या सीझनच्या बारा भागांत जे मरणार आहेत, त्यांच्या मरणाचं कारण त्या दोन सालांत सांगून झालेलं आहे. हा भाग मी अनेकदा पाहिला आणि दरवेळी त्या चार वाक्यांपाशी थांबले.

किनाऱ्यावरचा कारखाना खरा होता. स्पॅरोज पॉइंट हे त्या जागेचं नाव, बेथलेहेम स्टील ही कंपनी. विसाव्या शतकाच्या मध्याला तो जगातला सगळ्यात मोठा पोलाद कारखाना होता; भरभराटीच्या काळात तीस हजारांवर माणसं तिथे पाळ्या करत. बाल्टिमोर शहराची लोकसंख्या 1950 साली साडेनऊ लाखांच्या आसपास होती, 2020 मध्ये पावणेसहा लाखांच्या थोडी वर. मधल्या सत्तर वर्षांत काय काय झालं यावर अहवालांचे ढीग निघाले असतील. सायमन यांनी त्यासाठी मुलगा आणि पुतण्या निवडले, आणि दोघांनाही पोलीस केलं. कारखान्यात गेलेल्या पिढीची पुढची पिढी आता सरकारी पगारावर त्याच कारखान्यासमोर पहारा देते. हे कुणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे ते फार खोल जातं.

पहिला सीझन ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पश्चिम बाल्टिमोरमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतली अमली पदार्थांची एक टोळी, तिचे फोन ऐकणारं पोलिसांचं एक पथक, आणि या दोन्हींच्या वर बसलेले साहेबलोक अशी ती गोष्ट होती. जिमी मॅकनल्टी हा खून-तपास विभागातला हुशार आणि हट्टी माणूस. वरिष्ठांच्या डोक्यावरून न्यायाधीशाशी बोलतो, आणि शिक्षा म्हणून सीझनच्या शेवटी त्याला बोटीवर टाकतात. कुठे जायला अजिबात आवडणार नाही हे त्याने एकदा बोलता बोलता सांगितलेलं असतं. रॉल्स या त्याच्या वरिष्ठाने ते लक्षात ठेवलेलं असतं. डॉमिनिक वेस्ट या नटाने तो बोटीवरचा मॅकनल्टी फार छान केला आहे. बोटीवर त्याच्याकडे काम नाही, आणि काम नसलेला हुशार माणूस कसा आतून सडायला लागतो ते त्याच्या उभं राहण्यात दिसतं.

तर प्रेक्षक त्या टोळीची वाट पाहत होते आणि मालिकेने त्यांना उचलून गोदीवर नेलं. कपाळावर आठ्या घातलेला, पोट सुटलेला, पोलिश वंशाचा गोदी कामगारांचा पुढारी त्यांच्यासमोर उभा केला: फ्रँक सोबोटका. त्याची बिघडलेली युनियन, बडबड्या मुलगा झिगी, पुरेसे दिवस काम न मिळणारा पुतण्या निक. अनेकांना हे रुचलं नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं 'दुसरा सीझन सोडून दिला तरी चालतं' असा सल्ला ऐकू येत राहिला. मला तो सल्ला मान्य नाही. पहिल्या सीझनमध्ये कोपऱ्यावर पुड्या विकणारी जी पोरं दिसतात, त्यांच्या शहरातलं काम कुठे गेलं हे दुसरा सीझन सांगतो. त्याच्याशिवाय पहिला म्हणजे नुसती पोलीस आणि टोळीची झटापट उरते. लोकांना आवडलेली गोष्ट बाजूला ठेवून तिचं मूळ खणायला बसणं, आणि तेही सीझनच्या पहिल्याच भागात, याला धाडस लागतं. शीर्षकगीत दर सीझनला तेच, गायक मात्र निराळे. दुसऱ्या सीझनसाठी त्यांनी मूळ गीतकार टॉम वेट्स यांचाच खरखरीत आवाज घेतला आहे, आणि गोदीच्या लोखंडावर तो चपखल बसतो.

मला या भागाने धरून ठेवण्याचं घरचं कारणही आहे. माझे मामा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणाऱ्या किंवा जहाजात चढणाऱ्या मालाची मोजणी करायची, गोणींवरचे मार्के आणि नंबर बघायचे, फाटलेली गोण, फुटलेली पेटी वेगळी लिहायची, पाळी संपताना शीटवर सही करायची. सोबोटकाची युनियन ही नेमकी अशा मोजणाऱ्या माणसांची आहे. चेकर म्हणतात तिकडे त्यांना. पहिल्यांदा तो भाग पाहताना मी गोदीची दृश्यं आली की मामांचे हात आठवत होते. त्यांची करंगळीजवळची कडा कायम निळसर असायची, कार्बन पेपरमुळे.

मोजणाऱ्या माणसाकडे असलेली ताकद बाहेरच्याला कळत नाही. जहाजावर काय होतं आणि किनाऱ्यावर काय उतरलं, या दोहोंच्या मध्ये त्याचा कागद असतो. त्या कागदावर जे चढतं ते जगात असतं. मालिकेत कागदाची जागा हातातल्या छोट्या यंत्राने घेतली आहे. क्रेनने कंटेनर उतरवला की चेकर त्याचा नंबर आणि तो यार्डात कुठे ठेवला ते यंत्रात घालतो, आणि संगणकाला कळतं की अमुक कंटेनर अमुक रांगेत आहे. चेकरने नंबर घातलाच नाही, तर लोखंडाचा तो अवजड डबा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभा असूनही नोंदीत नसतो. ट्रक येतो, डबा उचलतो, फाटकातून बाहेर जातो. चोरी झाल्याची तक्रार करायला काही हरवलेलंच नसतं. सोबोटका हे पैशासाठी करतो, 'ग्रीक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तस्करांसाठी. कंटेनरमध्ये काय आहे हे विचारत नाही. न विचारणं हाच सौद्याचा भाग आहे.

अमेरिकेत 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅकलेन या ट्रकवाल्या उद्योजकाचं 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, आणि जगभरच्या गोद्यांचं भवितव्य त्या दिवशी ठरलं. आधी एक जहाज रिकामं करायला टोळ्या लागत, दिवसेंदिवस लागत. पोतं, पेटी, पिंप, गासडी, एकेक नग माणसाच्या हातून जायचा. डबा आल्यावर क्रेन चालवणारा, खाली दोन-चार जण आणि एक मोजणारा, एवढ्यात काम व्हायला लागलं. मुंबईत हे उशिरा पोचलं. खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. मामा इंदिरा डॉकमध्ये होते, 1914 सालच्या जुन्या गोदीत. ते सांगतात की सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जहाजं येतच होती. मग एका पाळीला दोन टोळ्या कमी लागल्या, मग चार. हजेरी लावून नुसतं बसून राहायचे दिवस वाढले. पुढे स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले.

'एब टाइड'मध्ये हे बसून राहणं फार नेमकं दाखवलं आहे. सकाळी युनियनच्या हॉलमध्ये माणसं जमतात, आज किती जहाजं याची चौकशी होते, ज्येष्ठतेच्या क्रमाने नावं पुकारली जातात, आणि निकसारख्या तरुणाच्या वाट्याला काही येत नाही. मग ती सगळी माणसं बारमध्ये. तिथे चालणाऱ्या थट्टा-मस्करीला एक जडपणा आहे. जुने लोक जुन्या जहाजांच्या गोष्टी सांगतात. भागाच्या सुरुवातीला पडद्यावर जे वचन उमटतं तेही एका म्हाताऱ्या गोदी कामगाराच्या तोंडचं आहे, आणि ते सांगतं की आता पूर्वीसारखं काही होणार नाही. त्या बारमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. फक्त सोबोटका ते मानायला तयार नाही.

सोबोटका तस्करीचे पैसे घरात नेत नाही. त्याला वरच्या लोकांपर्यंत पोचायचं आहे, कालवा खोल करून घ्यायचा आहे. चेसापीक उपसागर आणि डेलावेअर नदी यांना जोडणारा कालवा गाळ काढून खोल झाला, तर मोठी जहाजं बाल्टिमोरकडे वळतील, त्यांच्याबरोबर पाळ्या येतील, असं त्याचं गणित. युनियनमधले दुसरे नेते, विशेषतः कृष्णवर्णीय कामगारांचा पुढारी नॅट कॉक्सन, म्हणतात की एवढं मोठं मागू नका, बंद पडलेला धान्याचा धक्का आधी सुरू करून घ्या. या दोन मागण्यांवरची वादावादी एखाद्या गुन्हेगारी मालिकेच्या पहिल्या भागात इतकी सविस्तर ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि ती रंगते! कारण बोलणाऱ्या प्रत्येकाचा घरखर्च तिच्यावर अवलंबून आहे. क्रिस बाउअर यांचा सोबोटका बोलतो तेव्हा त्याचा सगळा देह त्या गाळ काढण्याच्या यंत्रामागे जोर लावतोय असं वाटतं.

वर पोचण्यासाठी तो चर्चचा रस्ता धरतो. वस्तीतल्या कॅथलिक चर्चला रंगीत काचेची मोठी खिडकी देतो, गोदी कामगारांचं चित्र असलेली, आणि बदल्यात पाद्र्याकडून सिनेटर बाईंची भेट मागतो. त्याच जागी पोलिसांची आठवण म्हणून दुसरी खिडकी बसवण्याचं व्हॅल्चेक या पोलीस मेजरने ठरवलेलं असतं. त्याची खिडकी लहान, सोबोटकाची मोठी, आधी बसलेली. व्हॅल्चेकही पोलिश, त्याच वस्तीतला. दोघे लहानपणापासून एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांना पाण्यात पाहतात. शंभरही सभासद नसलेल्या युनियनकडे एवढी खिडकी द्यायला पैसे आले कुठून, हा प्रश्न व्हॅल्चेकला आकसातून पडतो आणि सगळा तपास त्या आकसातून जन्माला येतो. गावच्या देवळाला कुणी घंटा दिली, कुणाचं नाव पायरीवर आलं, यावरून दोन भावक्या पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत, हे आपल्याकडे पाहिलेल्या माणसाला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. गुन्हा उघडकीला येतो तो पोलिसांच्या कर्तव्यदक्षतेने नव्हे, तर एका दुखावलेल्या अहंकारामुळे, हे मला या मालिकेचं सगळ्यात खरं निरीक्षण वाटतं. सायमन हे 'बाल्टिमोर सन'मध्ये पोलीस बातमीदार होते आणि बर्न्स वीस वर्षं त्याच शहराच्या पोलीस दलात. खात्याची चाकं कशाने फिरतात ते या दोघांनी जवळून पाहिलं आहे.

बोडी या पोराचा एक छोटा प्रसंग मध्येच येतो. टोळीच्या कामासाठी तो गाडीने फिलाडेल्फियाला निघतो. जन्मात बाल्टिमोरबाहेर फारसा कधी गेलेला नाही. काही अंतर गेल्यावर रेडिओवरची नेहमीची गाणी खरखरायला लागतात आणि भलतंच काहीतरी ऐकू येतं. गाडीचा रेडिओ बिघडला असं त्याला वाटतं. दुसऱ्या शहराचं रेडिओ स्टेशन दुसरं असतं, हे त्याचा सोबती त्याला सांगतो तेव्हा बोडीच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघून माझा जीव कळवळला. माल बंदरातून बंदरात जगभर फिरतो. तो विकणारा पोरगा त्याच्या रेडिओच्या पल्ल्याबाहेर कधी गेलेला नाही.

आता बोटीकडे परत येऊ. कारखान्यावरून पुढे गेल्यावर मॅकनल्टी आणि त्याचा बोटीवरचा सोबती डिगिन्स यांना एक पार्टीची बोट इंजिन बंद पडून अडकलेली सापडते. आत श्रीमंत मंडळी, संगीत, दारू. तिला धक्क्याला ओढून न्यायचं, पण पार्टी मोडायची नाही म्हणून यजमान पोलिसांच्या हातात नोटा ठेवतो आणि बोट एका शांत जागी नेऊन सोडायला सांगतो. पैसे घेतले जातात. ही मालिकेतली अगदी बारीक लाच. तिच्यामागे मृत कारखाना आहे आणि पुढे बंदरात वाहत येणारी एक स्त्री.

दुसऱ्या दिवशी मॅकनल्टीला ती पाण्यात दिसते. तरुण आहे, तिच्याविषयी कुणाला काहीच माहीत नाही. मग जे सुरू होतं ते पाहून पहिल्यांदा मी चिडून उठले होते. खून शहराच्या हद्दीतला की शेजारच्या काउंटीच्या? रॉल्सला त्याच्या यादीत एक न सुटणारा खून नको असतो. फोनवर बोलून तो तिला काउंटीच्या गळ्यात बांधतो. मॅकनल्टी भरती-ओहोटीची कोष्टकं, वाऱ्याची दिशा, प्रेत पाण्यात किती तास होतं याचा अंदाज घेऊन बसतो, आकडेमोड करतो आणि सिद्ध करतो की ती शहराच्याच हद्दीत पाण्यात पडली. कागद फॅक्सने रवाना होतात आणि प्रकरण परत रॉल्सच्या टेबलावर येतं. फार सुंदर तपासकाम आहे ते. एवढी बुद्धी, एवढी चिकाटी, आणि हेतू काय, तर रॉल्सला खिजवायचं. त्या मुलीसाठी म्हणून अजून कुणीच काही केलेलं नाही. तिला न्याय मिळण्याची शक्यता जन्मते ती एका माणसाच्या सूडबुद्धीतून, जशी सोबोटकाची चौकशी दुसऱ्याच्या आकसातून.

शेवटाकडे बीडी रसेल येते. बंदर पोलिसांतली साधी अधिकारी, एमी रायन यांनी केलेली. दोन मुलांची आई. ही नोकरी तिने धरली ती पगार थोडा बरा म्हणून, हे पुढे कळतं. तिचं काम म्हणजे गाडीतून यार्डात फेऱ्या मारायच्या. 'अटलांटिक लाइट' या जहाजातून उतरलेला एक कंटेनर रांगेत तसाच उभा आहे. न्यायला आलेला ट्रकवाला तो न घेताच निघून गेला आहे आणि सोबोटकाला त्याचं कारण कळत नाही. बीडीला कस्टमचं सील तुटलेलं दिसतं. ती आत जाते. मालाच्या मागे खोटी भिंत आहे, आणि भिंतीमागे तेरा स्त्रिया. सगळ्या मेलेल्या.

तो प्रसंग ओरडत नाही. संगीत वर चढत नाही. त्यांचे मृत्यू अपघाती नव्हते, हवा यायची वाट मुद्दाम बंद केली होती, हे पुढच्या भागात उलगडतं. या कल्पनेत काही अतिरंजित आहे असं कुणाला वाटलं तर त्याने 18 जून 2000 ची बातमी आठवावी. त्या रात्री इंग्लंडच्या डोव्हर बंदरात टोमॅटोच्या ट्रकमध्ये 60 चिनी स्थलांतरित सापडले, त्यातले 58 गुदमरून मेले होते. आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून ड्रायव्हरने हवेची झडप बंद केली होती. मालिकेचा हा भाग त्यानंतर तीन वर्षांनी आला.

माझी या भागाबद्दल एक तक्रार आहे, आणि ती प्रेमातून आहे. त्या तेरा आणि पाण्यातली एक अशा चौदा जणींना मालिका पुरेसं बोलू देत नाही. गोदी कामगारांना घर आहे, बार आहे, थट्टा आहे, बापाची नोकरी गेल्याचं साल आहे. या स्त्रियांना फक्त मृत्यू आहे. पुढे मॅकनल्टी त्या एकीचं नाव शोधायला जीव तोडून फिरतो आणि ते प्रसंग मनाला भिडतात, पण ती धडपडही त्याचीच गोष्ट होते. यातल्या एकीचा घरून निघतानाचा सकाळचा तासभर दाखवला असता, तरी शेवटचं ते दार उघडताना आपण वेगळ्या माणसांकडे बघत असतो. मालिका ज्या व्यवस्थेवर बोट ठेवते, जी या बायकांना नग म्हणून मोजते किंवा मोजतही नाही, तिच्या हिशेबापासून मालिका स्वतः या एका जागी पुरेशी दूर जात नाही.

त्यानंतर बाल्टिमोरमध्ये जे खरोखर घडलं, ते या भागाच्या सुरुवातीच्या दृश्याला जोडून पाहावं लागतं. स्पॅरोज पॉइंटचा कारखाना 2012 साली कायमचा बंद झाला. कॉक्सनला जो धान्याचा धक्का परत हवा होता, तसाच शहराच्या लोकस्ट पॉइंट भागात एक होता. 1920 च्या दशकातल्या त्याच्या प्रचंड कोठाराचं 2009 च्या सुमारास महागड्या सदनिकांच्या इमारतीत रूपांतर झालं. लालबागला राहिलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. मधल्या वर्षांत गिरणगावातली किती पोरं टोळ्यांकडे वळली यावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. निक आणि झिगी यांच्या हातात पहिल्यांदा वाईट पैसे येतात तेव्हा मला मामांच्या चाळीतली काही नावं आठवतात. ती इथे लिहिणार नाही.

26 मार्च 2024 च्या पहाटे त्याच बंदरातून कोलंबोला निघालेलं 'डाली' हे कंटेनर जहाज वीज गेल्याने भरकटलं आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं. पूल कोसळला. रात्रपाळीत पुलावरचे खड्डे भरणारे सहा कामगार गेले, सगळे लॅटिन अमेरिकेतून आलेले. जहाजावरचे खलाशी बहुतेक भारतीय होते, त्यातल्या अनेकांना पुढे महिनोन्‌महिने जहाजावरच अडकून राहावं लागलं. बंदराचा मुख्य मार्ग पूर्ण मोकळा व्हायला 10 जून उजाडला आणि तोवर गोदीवरच्या माणसांचं बरंचसं काम थांबलं. ती बातमी येत होती त्या आठवड्यात मी परत 'एब टाइड' लावला. या वेळी मामा घरी होते आणि माझ्याबरोबर बसले.

इंग्रजी संवाद त्यांना भरभर कळत नव्हते, मी सांगत होते. पण गोदीची दृश्यं आली की ते मला थांबवून स्वतः सांगायला लागायचे. क्रेनखाली माणसाने कुठे उभं राहायचं नसतं, मोजणारा माणूस डब्याच्या कुठल्या बाजूला हवा, सील कसं बघायचं. युनियनच्या हॉलमधला प्रसंग त्यांना इतका ओळखीचा वाटला की त्यांनी तो परत लावायला सांगितला. सोबोटका मला आवडतो हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांची माझ्यासारखी अवस्था होईल असं मी धरून चालले होते.

तसं झालं नाही. बीडीने दार उघडलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, डबा नंबरवर घेतला असता तर तो चेकपोस्टला अडला असता. अडला असता तर कुणीतरी उघडला असता."

मी सोबोटकाची बाजू मांडली. त्याला आत माणसं आहेत हे ठाऊक नव्हतं. पुढे कळतं तेव्हा तो त्या तस्करांवर भडकतो, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही म्हणून. तो स्वतःसाठी काही घेत नाही, सगळी धडपड पाळ्या परत याव्यात म्हणून. काम गेलं की माणूस काय करणार?

"काम आमचंही गेलं," मामा म्हणाले. "डब्यात काय आहे ते मोजणाऱ्याला कधीच माहीत नसतं. म्हणून तर लिहायचं असतं."

मला अजूनही सोबोटकाविषयी कणव वाटते आणि ती सोडायची माझी तयारी नाही. मामांचंही म्हणणं सुटत नाही. पुढचे अकरा भाग आम्ही एकत्र पाहिले, रोज एक, आणि रोज भांडलो.